घरबसल्या पगाराचा आरोप

शिक्षकांच्या पगारावर बोट ठेवणं ही आपल्याकडची जुनी सवय. करोनाच्या साथीनंतर तिला एक तयार वाक्य मिळालं: 'दोन वर्षं घरी बसून पगार घेतला, आता पोरांना धड वाचताही येत नाही.' एसटीत, पारावर, लग्नाच्या पंगतीत हे वाक्य ऐकू येतं. शिकलीसवरलेली माणसं तेच जरा सभ्य भाषेत लिहितात. शिक्षकांचा मोर्चा निघाला, जुन्या पेन्शनची मागणी झाली, दिवाळीच्या सुट्टीचा विषय निघाला, की हे वाक्य हमखास पुढे येतं आणि बोलणं तिथेच संपतं.

ते तिथे संपू नये म्हणून हे लिहितो आहे. त्या वाक्याचा दुसरा भाग खरा आहे. मुलांचं नुकसान झालं आणि फार मोठं झालं. पहिला भाग खोटा आहे. आणि पहिल्यामुळे दुसरं घडलं, अशी जी समजूत या वाक्यानं गावोगावी पेरली, ती सगळ्यांत अन्यायाची आहे. झालेलं नुकसान भरून काढायला ज्यांनी हात घातला, त्यांच्याच माथी आपण ते मारलं.

आधी 'घरी बसले' याचं बघू.

२०२० च्या मार्चच्या मध्याला राज्यातल्या शाळा बंद झाल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. शाळा बंद म्हणजे शिक्षक मोकळा, असं प्रशासनानंही धरलं आणि शिक्षकांच्या नावानं आदेश निघू लागले. तपासणी नाक्यांवर पाळ्या. रेशन दुकानासमोरच्या रांगेत अंतर राखून घेणं. पुण्या-मुंबईहून गावात परतलेल्यांच्या नोंदी. गावच्याच शाळेत उघडलेल्या विलगीकरण कक्षावर देखरेख. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, तेव्हा आशाताईंच्या बरोबरीनं अनेक ठिकाणी शिक्षकच ऑक्सिमीटर आणि तापमापी घेऊन दारोदार फिरले. लस यायला तेव्हा चार महिने बाकी होते. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नका असं सांगतं, पण जनगणना, निवडणुका आणि आपत्ती निवारण या कामांचा त्याला अपवाद आहे. साथ ही आपत्तीच होती, त्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती. आणि बहुतेकांनी नाही म्हटलंही नाही. ज्या दिवसांत शहरांतल्या सोसायट्या घरकाम करणाऱ्या बाईला फाटकाच्या आत येऊ देत नव्हत्या, त्या दिवसांत ही माणसं अनोळखी घरांच्या उंबऱ्यावर उभी होती.

त्यातली काही गेली. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट भरात असताना उत्तर प्रदेशात पंचायत निवडणुका झाल्या. तिथल्या प्राथमिक शिक्षक संघानं १,६२१ शिक्षक आणि कर्मचारी दगावल्याची यादी दिली. सरकारनं सुरुवातीला ३ मृत्यू मान्य केले. कामाला निघाल्यापासून घरी पोहोचेपर्यंतच्या वेळेत मरण आलं तरच ते कर्तव्यावरचं, असा नियमाचा अर्थ लावला गेला होता. देशभर ओरड झाली तेव्हा कुठे तो बदलला. त्याच एप्रिलच्या १७ तारखेला आपल्याकडे पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक झाली. मतदान केंद्रांवर नेहमीप्रमाणे शिक्षक होतेच. कोविड कर्तव्यावर असताना मृत्यू आला तर कुटुंबाला ५० लाख रुपये देण्याचं महाराष्ट्रानं जाहीर केलं होतं, ही चांगली गोष्ट. पण शिक्षकाच्या घरच्यांना तो खरोखर कर्तव्यावर होता हे कागदानं सिद्ध करावं लागत होतं, आणि त्या गडबडीच्या दिवसांत कितीतरी कामं फोनवरच्या तोंडी हुकमानं चालली होती. घरी बसल्याचा आरोप करणाऱ्यांनी आपल्या तालुक्यातल्या अशा एका घराचा पत्ता विचारून घ्यावा.

'पगार घेतला' हेही सरसकट खरं नाही. ज्यांना पूर्ण पगार आला ते जिल्हा परिषदेचे, महापालिकांचे आणि पूर्ण अनुदानित शाळांचे शिक्षक. विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांवर वर्षानुवर्षं टप्प्याटप्प्याच्या अनुदानाची वाट पाहणारे शिक्षक याच राज्यात आहेत. आझाद मैदानाला त्यांची चांगली ओळख आहे. फी थांबली म्हणून खासगी शाळांनी पगार निम्मे केले, काहींनी शिक्षकांना घरी पाठवलं. कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचा तास बंद झाला की पैसा बंद. बी.एड. झालेली माणसं त्या उन्हाळ्यात भाजीची गाडी लावत होती, दुसऱ्याच्या रानात रोजानं जात होती. यांतले पुष्कळजण संध्याकाळी मुलांना फोनवरून शिकवतही होते.

आता शिकवण्याचं. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही शासनाची घोषणा होती. दीक्षा ॲपवर रोजचा अभ्यास येई. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. पुढे व्हॉट्सॲपवर 'स्वाध्याय' आला. या सगळ्यामागे कष्ट होते, त्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही. पण 'असर' या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२० च्या ग्रामीण फेरीत ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशी शाळकरी मुलं देशभरात ६२ टक्क्यांच्या आसपास होती. उरलेली ३८ टक्के कुठे होती? आणि फोन घरात असणं वेगळं, तो सकाळी अकरा वाजता तिसरीतल्या मुलीच्या हातात असणं वेगळं. तो बापाच्या खिशात, बापाबरोबर कामावर जातो. दोन भावंडं असली की थोरल्याच्या दहावीला पहिला मान. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि सहकाऱ्यांनी पंधरा राज्यं व केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत पाहणी केली. ग्रामीण मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी फक्त ८ टक्के निघाली, अजिबात न शिकणारी ३७ टक्के.

शासनाची घोषणा आणि ही ३७ टक्के मुलं यांच्यामध्ये जी दरी होती, ती भरायला माणूस लागत होता. जिथे ती थोडीफार भरली तिथे शिक्षकानं भरली. कुणी वस्तीवर जाऊन ओसरीवर, देवळाच्या सभामंडपात, समाजमंदिराच्या पायरीवर पाच-सहा मुलं घेऊन बसलं. कुणी स्वाध्यायपत्रिकांच्या झेरॉक्स पदरच्या पैशानं काढून घरोघर टाकल्या आणि पुढच्या आठवड्यात तपासून परत दिल्या. पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य मोजून देण्यासाठी पालकांना शाळेत बोलवायचं होतंच. अनेक शाळांत त्याच पिशवीबरोबर गेल्या आठवड्याची वही आणि नवा अभ्यास यांची देवघेव झाली. वाडीतल्या नववीच्या मुलीला पहिली-दुसरीची चार मुलं नेमून दिली गेली. सोलापूरच्या नीलमनगरात, यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्तीत, शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. मुळाक्षरं, गणिताची सूत्रं, व्याकरण. मूल रस्त्यावर खेळायला आलं की अभ्यास समोर. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर एका संस्थेनं ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवले. यातलं काहीही आदेशात नव्हतं. कुठल्याही परिपत्रकात 'भिंत रंगवा' असं लिहिलेलं नसतं.

शिक्षिकांचा इथे वेगळा उल्लेख करायला हवा, कारण त्यांच्याबद्दल जवळजवळ कुणीच बोलत नाही. घरात एकच चांगला फोन, त्यावर स्वतःच्या मुलाचा तास, स्वतःचा वर्ग आणि कार्यालयाचे निरोप. कुणी सासऱ्यांना खोकला झाला म्हणून मागच्या खोलीत वेगळं ठेवलेलं. रात्री दहा वाजता वर्गातल्या पालकाचा फोन येतो, कारण तो त्याच वेळी कामावरून परततो आणि तेव्हाच फोन मुलीच्या हातात येतो. बाई तेव्हा शिकवतात. हा तास कुठल्या हजेरीपटावर लागत नाही.

आणि दहावीचा निकाल. २०२१ ची परीक्षा रद्द झाली. नववीच्या निकालाला ५० गुण, दहावीतल्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाला ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाला २०, असं सूत्र ठरलं. सुमारे १६ लाख मुलांचा निकाल शाळाशाळांतल्या शिक्षकांनी जुन्या गुणपत्रिका शोधून, गाठता न येणाऱ्या मुलांना गाठून तयार केला. नववीची त्यांची वार्षिक परीक्षा आदल्या वर्षी झालेलीच नव्हती, हे ध्यानात घ्या. जून महिना. शाळेत जाऊन काम करा असा निरोप होता, पण मुंबईत शिक्षकांना लोकलमध्ये चढायची परवानगी नव्हती. वसई-कल्याणहून दादरला यायचं कसं, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. परवानगी आली ती ओरड झाल्यावर. १६ जुलैला निकाल लागला, ९९.९५ टक्के. त्या आकड्याची लोकांनी टिंगल केली. तो निकाल कुणी, कशा अवस्थेत उभा केला, याची चौकशी मात्र कुणी केली नाही.

माझ्याशी वाद घालणारे इथे थांबवून विचारतील: सगळेच असे होते का? नव्हते. काही शिक्षकांनी सकाळी गटावर एक लिंक टाकली आणि दिवस संपला असं मानलं. काहींचे विद्यार्थी वर्षभर त्यांचा आवाज ओळखू शकले नसते. त्यांची बाजू मी घेणार नाही. पण सरसकट आरोपाचा फायदा कुणाला होतो ते बघा. सगळेच घरी बसले होते असं एकदा म्हटलं, की खरोखर घरी बसलेला माणूस त्या गर्दीत सुखरूप लपतो. जो वस्तीवर गेला आणि जो गेला नाही, त्या दोघांच्या सेवापुस्तकात आज सारखीच कोरी जागा आहे. कामचुकाराला याहून सोयीची व्यवस्था नाही. चांगलं काम नावानिशी, तपशिलासह नोंदलं गेलं तरच न केलेलं काम उघडं पडतं. म्हणून शिक्षकांच्या कौतुकाची मागणी मी करतो ती त्यांचे लाड व्हावेत म्हणून करत नाही. कौतुक नेमकं असेल तर त्यातूनच हिशेब होतो.

आता दुसरा भाग, मुलांचं नुकसान. ते कशानं झालं?

तारखा समोर ठेवा. उपाहारगृहं आणि बार २०२० च्या ५ ऑक्टोबरला उघडले. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला २०२१ चा १ डिसेंबर उजाडला. मध्यंतरी ऑगस्टमध्ये १७ तारखेपासून शाळा सुरू करायचं जाहीर झालं आणि कोविड कृती दलाच्या आक्षेपानंतर मागे घेतलं गेलं. जानेवारीत ओमायक्रॉनमुळे पुन्हा कुलूप, २४ तारखेपासून पुन्हा सुरू. साथीची भीती खरी होती आणि निर्णय घेणाऱ्यांचं काम अवघड होतं, हे मला मान्य आहे. पण यातला एकही निर्णय शिक्षकांनी घेतलेला नाही. २०२० च्या जूनमध्ये पहिलीत नाव घातलेलं खेड्यातलं मूल २०२२ च्या जूनमध्ये तिसरीत गेलं, तेव्हा दोन वर्षांत मिळून ते जेमतेम साडेचार महिने वर्गात बसलेलं होतं. त्याला काना-मात्रा-वेलांटी येत नव्हती, हातच्याची वजाबाकी त्यानं पाहिलेली नव्हती, काहींना पेन्सिल धरता येत नव्हती. आणि पुस्तक मात्र तिसरीचं होतं.

त्या वर्गात उभं राहणं काय असतं, याची कल्पना करून पाहा. एका खोलीत तिसरीची पंचवीस मुलं. चार-पाच घरच्यांनी बसून शिकवलेली, धडा वाचणारी. दहा-बारा अक्षरं ओळखणारी, पण शब्दाशी अडखळणारी. बाकीची फळ्याकडे नुसती बघत बसणारी, आणि चाळीस मिनिटं एका जागी बसायची सवयच नसलेली. त्यातच ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेली, शाळा बंद होती म्हणून कोयत्यावरच राहिलेली मुलं परत आणायची. दहावीत असायला हवी अशी एखादी मुलगी येत नाही म्हणून चौकशी केली, तर तिचं लग्न झालेलं. बीडच्या शिक्षकांना यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही. २०२१ चा सेतू अभ्यासक्रम ४५ दिवसांचा होता. दीड-दोन वर्षांचं अंतर ४५ दिवसांत कापता येत नाही हे वर्गात उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. मग इयत्ता बाजूला ठेवून, मूल जिथे आहे तिथून त्याला उचलायचं. पातळीनुसार गट पाडायचे, एका गटाला लिहायला देऊन दुसऱ्याला वाचायला घ्यायचं, अर्ध्या तासानं फिरवायचं. पुस्तक पुरं करा असा तगादा वरून आणि 'माझा मुलगा तिसरीत आहे, त्याला बाराखडी काय शिकवता?' असा प्रश्न पालकांकडून. हे काम रोज, दोन-तीन वर्षं चाललं.

त्याचं फळ मोजलेलं आहे. 'असर'च्या देशव्यापी ग्रामीण पाहणीनुसार, सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २०.९ टक्के होती. २०२२ मध्ये ती १६.३ वर घसरली. २०२४ मध्ये २३.४ झाली. साथीच्या आधी होती त्याहून जास्त. सरकारी-खासगी मिळून वजाबाकी करता येणारी तिसरीची मुलं २०२२ मध्ये २५.९ टक्के होती, दोन वर्षांनी ३३.७. हे आकडे अभिमानानं मिरवावेत इतके मोठे नाहीत. चारातल्या तीन मुलांना अजून दुसरीचा मजकूर वाचता येत नाही असाच वाचनाच्या आकड्याचा अर्थ. पण २०२४ ची ही मुलं २०२२ मध्ये पहिलीत आली होती. त्यांचं अंगणवाडीचं वय साथीत गेलं होतं. तरी ती आधीच्या मुलांपेक्षा पुढे गेली.

याचं श्रेय 'निपुण भारत' अभियानाला द्या, असं कुणी म्हणेल. द्यावं. पायाभूत वाचन आणि गणित यांवर लक्ष एकवटण्याचा निर्णय योग्य होता. पण अभियान उद्दिष्ट ठरवतं आणि साहित्य पाठवतं. मुलाशेजारी बसून 'क'ला काना द्यायला शिकवणारा हात शिक्षकाचा असतो. आणि तो हात अपुऱ्या संख्येत होता. महाराष्ट्रात शिक्षकांची अभियोग्यता चाचणी २०१७ च्या डिसेंबरात झाली, त्यानंतरची थेट २०२३ मध्ये. साथीची सगळी वर्षं आणि त्यानंतरची सावरण्याची पहिली वर्षं रिकाम्या जागांनिशी काढली गेली. दोन शिक्षकांनी चार इयत्ता सांभाळल्या. त्यातलाच एक अधूनमधून प्रशिक्षणाला आणि दुसरा 'दुपारी चारपर्यंत माहिती भरा' या निरोपापायी मोबाइलवर अडकलेला. ज्यांच्यावर नुकसानीचं खापर फुटलं त्यांनी अशा स्थितीत नुकसान भरून काढलं.

'हे त्यांचं कर्तव्यच आहे, पगार त्याचाच मिळतो, मग कौतुक कशाला?' हा शेवटचा आक्षेप. डॉक्टरांचंही कर्तव्यच होतं, परिचारिकांचं होतं, पोलिसांचं होतं. त्यांच्यासाठी २२ मार्चला आपण टाळ्या वाजवल्या आणि योग्य केलं. शिवाय वस्तीवर जाणं, पदरच्या पैशानं झेरॉक्स काढणं, रात्री दहाला शिकवणं हे कर्तव्याच्या यादीत नव्हतं. ज्या कामाचा पगारात हिशेब नाही त्याचा निदान शब्दांत तरी असावा. थकलेल्या माणसाला पुढच्या वर्षी पुन्हा तसंच काम करावंसं वाटेल की नाही हे बऱ्याच अंशी यावर ठरतं. दोन वर्षं जिवावर उदार होऊन राबलेल्या माणसाला गावात 'फुकट्या' ऐकावं लागलं, तर पुढच्या संकटात तो आदेशापुरतंच काम करेल, आणि त्यासाठी मी त्याला दोष देऊ शकणार नाही.

२०२० च्या ३ डिसेंबरला सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. राज्यानं आनंद साजरा केला, आणि तो खरा आनंद होता. पण एका शिक्षकाच्या गळ्यातला हार लाखो शिक्षकांच्या वतीनं मोजता येत नाही. ५ सप्टेंबरच्या शुभेच्छांनीही ते होत नाही. मला हवी आहे ती कौतुकाची कृती. कर्तव्यावर असताना दगावलेल्यांच्या घरची मदतीची प्रकरणं कुठेही अडकली असतील तर ती निकाली काढा. पहिली ते तिसरीच्या शिक्षकाला शाळेच्या वेळात सर्वेक्षणाला आणि माहितीच्या तक्त्यांना जुंपू नका. आणि छोट्या शाळांना हात लावू नका. २०२३ च्या सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. साथीत मुलांपर्यंत पोहोचणं सगळ्यांत जास्त जमलं असेल तर ते याच शाळांना. पंधरा मुलं, एकच वाडी, प्रत्येकाचं घर गुरुजींना माहीत. आठ किलोमीटरवरची मोठी शाळा पुढच्या साथीत त्या वाडीवर कशी पोहोचणार, याचं उत्तर प्रस्ताव मागवणाऱ्यांनी द्यावं.

एक काम मात्र सरकारची वाट न पाहता होऊ शकतं. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. कोण सर वाडीवर येत होते, कोणत्या बाईंनी फोन नसलेल्या मुलांच्या वह्या घरी नेऊन तपासल्या, आणि कोण कधी दिसलंच नाही, हे त्या पालकांना अधिकाऱ्यांपेक्षा नीट माहीत आहे. समितीनं बैठकीत ठराव करावा: २०२० ते २०२२ मध्ये आपल्या शाळेत कुणी काय केलं, नावासह. त्याची प्रत केंद्रप्रमुखांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी आणि सेवापुस्तकात नोंद घेण्याची लेखी मागणी करावी. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या मधल्या काळात होऊन गेल्या, काही शिक्षक निवृत्त झाले, आणि त्या वेळी पहिलीत असलेली मुलं आता प्राथमिक शाळा सोडून गेली. त्यांचे पालक अजून गावात आहेत, तोवर ही बैठक बोलवायला हवी.